चाळीस आडवे

१

मोबाइलच्या दुकानाचे कोठीवाले काका सोमवारी दुपारी एकच्या सुमाराला तिसऱ्या मजल्याच्या मागच्या जिन्यावरून खाली फरशीवर पडले आणि जागच्या जागी गेले. वय एकसष्ट, अकरा वर्षं एकाच कोठीत नोकरी. खिशात चष्म्याची डबी, एक पाना, सिम नसलेला स्वतःचा जुना फोन आणि एक चिठ्ठी. वर कोठीत चाळीस महागडे फोन गायब.

चोरी केली, पचली नाही, उडी मारली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. फौजदारांनीही तेच ठरवलं होतं, फक्त कागदावर यायचं बाकी होतं.

मी पोलीस नाही. विमा कंपनीची तपासनीस आहे. नुकसान झालं म्हणून लोक पैसे मागतात आणि मी ते खोटं ठरवायला जाते, असं माझा नवरा म्हणतो. स्वभाव माझा तिरसट आहे, तो कामाला उपयोगी पडतो. माझ्याकडे एक फॉर्म असतो. त्यात नऊ नंबरचा प्रश्न असा: चोरीत कर्मचाऱ्याचा हात, होय की नाही? त्यावर मी एकदा खूण केली की ती कायमची. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फॉर्म द्यायचा होता.

मंगळवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर एक पंचविशीची मुलगी बसली होती. ती काकांची लेक. घरी दोघंच, आई लहानपणीच गेलेली.

"तुम्ही विम्याच्या ना?" ती उठून उभी राहिली. "मला नुकसानभरपाई वगैरे काही नको. बाबांना चोर म्हणू नका, एवढंच."

"चिठ्ठी वाचलीस?"

"नाही. फौजदार दाखवत होते. मी नाही वाचली. वाचली तर खरं मानावं लागेल."

मला असल्या बोलण्याचा राग येतो, पण तिचा आला नाही. चिठ्ठीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. तिच्याकडे पाठ करून मी तो पुन्हा पाहिला. अक्षर काकांचंच, मालकानं ओळखलेलं. "चूक माझी आहे. इतर कुणाला बोल लावू नये." खाली सही. तारीख नाही. कागदाची वरची कड कात्रीनं सरळ कापलेली.

मी फोटो मोठा केला. कागदाच्या बरोबर मधोमध, 'बोल' या शब्दाला खेटून, एक गोल भोक होतं.

२

मालक गल्ल्यावर बसूनच बोलला. त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. जिना चढून कोठीत जाऊन त्याला सहा वर्षं झाली होती. वरून खाली एक बोळकांडं होतं, त्यात दोरीला टोपली. मालक खालून ओरडायचा, काका वरून टोपली सोडायचे.

"काय ओरडायचे तुम्ही?"

"एक उभा! नाहीतर, एक आडवा!" मालक हसला आणि लगेच ओशाळला. "आमची भाषा आहे ती. सांगतो."

त्यानं काउंटरवर दोन डबे ठेवले. रंग तोच, चित्र तेच, आतला फोनही तोच. एकाची किंमत बारा हजार, दुसऱ्याची तीस हजार.

"हा बारावाला टेलिफोन कंपनीचा. कंपनी तोटा खाऊन स्वस्तात देते, पण आतून कुलूप असतं. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की फोन नाही म्हणतो. म्हणजे दोन वर्षं गिऱ्हाईक त्यांच्याच दावणीला. बिलातून ते दामदुपटीनं वसूल करतात. हा तीसवाला मोकळा. कुठलंही सिम घाला."

"दिसायला सारखेच."

"तेच तर दुखणं! चुकून तीसवाला बाराला गेला की आमचे अठरा हजार बुडाले. म्हणून काकांनी नियम केला. कुलूपवाला डबा मांडणीवर उभा ठेवायचा, मोकळा आडवा. म्हणायचे, ज्याला धनी आहे त्याला उभं राहावं लागतं, ज्याला नाही तो आरामात लोळतो." मालकानं चष्मा काढून पुसला. "असा माणूस होता हो. माझ्या वडिलांच्या जागी."

"गेले ते चाळीस?"

"आडवे. चाळीसच्या चाळीस. कंपनीच्या साहेबांनी शनिवारी स्वतः आणून दिले. मोकळेही तेच पुरवतात, जोडधंदा म्हणून. बारा लाखांचा माल."

"दोनच महिन्यांपूर्वी तुम्ही विमा वाढवलात."

त्याचा चेहरा पडला. "वाढवला. माल वाढला म्हणून वाढवला. तुम्ही मला...?"

"मी सगळ्यांनाच," मी म्हटलं. "सोमवारी साडेबारा ते दीड कुठे होतात?"

"इथेच. डबा खात. चुलतभाऊ आला होता, विचारा त्याला."

चुलतभावाला मी फोन केला. तो तिथे होता. पण तो मधेच एक गोष्ट बोलून गेला, जी मालकानं मला सांगितली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या दुरुस्तीवालीला काकांनी शनिवारी सगळ्यांदेखत झापलं होतं. आणि ते म्हणे कुलपांवरूनच.

३

दुरुस्तीवालीला दुकानात 'चिमटी' म्हणत, कारण चिमटा तिच्या हातातून सुटायचा नाही. मी गेले तेव्हाही सुटला नाही.

"झापलं, खरंय," ती म्हणाली. "स्वस्तातल्या फोनचं कुलूप मी काढून देते. चोरून. दोन हजार घेते. गिऱ्हाईक खूश, मी खूश. काका म्हणाले, पुन्हा दिसलं तर मालकाला सांगेन."

"म्हणजे बारा हजारांचा उभा घ्यायचा, कुलूप काढायचं आणि तीस हजारांचा आडवा म्हणून विकायचा, हे तुला जमतं."

"जमतं. केलं नाही." तिनं पहिल्यांदा मान वर केली. डोळे सुजलेले होते. "मॅडम, माझी पोरगी आजारी होती तेव्हा महिनाभर काका तिला शाळेतून आणायचे. मला काय म्हणायचं ते म्हणा. पण त्यांना मी धक्कासुद्धा लावला नसता."

"सोमवारी त्यांना शेवटचं कधी पाहिलंस?"

"बारा वाजता पाना मागायला आले. मग पाऊणच्या सुमाराला जिन्यात दिसले, वरच चालले होते. मी विचारलं, काका चेहरा का असा? तर म्हणाले, एकाला आधी एकांतात विचारतो, मग बोभाटा करायचा की नाही ते बघू. मला वाटलं माझ्याबद्दलच बोलतायत. भीतीनं मी कडी लावून बसले." तिचा आवाज चिरकला. "दार उघडं ठेवलं असतं तर कोण चढलं ते दिसलं असतं."

मी वर कोठीत गेले. पोलिसांनी सोमवारीच कुलूप घातलं होतं, किल्ली माझ्याकडे दिली होती. भिंतींना भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्यांची मांडणी, नट-बोल्टनी बसवलेल्या फळ्या. डावीकडे उंच खण, त्यात उभे डबे खच्चून भरलेले. उजवीकडे बसके खण, त्यांत थोडे आडवे डबे. आणि उजवीकडचाच सर्वांत खालचा खण पूर्ण रिकामा. चाळीस तिथून गेले होते.

तो खण बघताना मला काहीतरी खुपत होतं. मी खाली बसले, वीत लावली. बाकीचे बसके खण अर्ध्या वितीचे. हा रिकामा खण सव्वा वितीचा होता. त्याच्या वरची फळी कुणीतरी उचलून वरच्या भोकांत बसवली होती. जुन्या भोकांभोवतीचा लोखंडी रंग अजून लखलखीत होता. गंज नाही, धूळ नाही.

काकांच्या खिशातल्या पान्याचा उलगडा झाला. उडी मारायला निघालेला माणूस आधी चार बोल्ट काढून फळी वर कशाला सरकवेल?

४

गुरुवारी मी टेलिफोन कंपनीच्या साहेबाच्या शोरूममध्ये गेले, ते दोन गल्ल्या सोडून होतं. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर हसरे चेहरे. साहेब चाळिशीचा, गोड बोलणारा. मला खुर्ची दिली, चहा मागवला. टेबलावर एका लाकडी ठोकळ्यात उभा खिळा होता, आणि तो कागद घेईल तसा त्या खिळ्यात टोचत होता. माझं ओळखपत्र बघून झाल्यावर माझ्या भेटीची चिठ्ठीही टोचली.

"फार वाईट झालं. देवमाणूस," तो म्हणाला. "पैशाचा मोह कुणाला सुटत नाही, मॅडम."

"सोमवारी तुम्ही दुकानात होतात?"

"दर सोमवारी असतो. परतीचा माल नेतो. नादुरुस्त फोन वगैरे. मागच्या दारानं पहिल्या मजल्यावरून खोका घेतला आणि निघालो. साडेबारा झाले असतील. वर गेलोच नाही."

"खोका केवढा?"

"असा." त्यानं हात पसरले आणि मग थोडे जवळ आणले.

उठता उठता मी सहज विचारलं, "ते चाळीस उभे होते की आडवे?"

साहेब गोंधळला. मग हसला. "फोनच तर आहेत! कसेही ठेवले तरी काय फरक पडतो?"

मी पण हसले. माझं हसू बरं नसतं, नवरा सांगतो.

"शुक्रवारच्या आत तुमचं आटपेल ना?" दारापर्यंत सोडायला येत तो म्हणाला. "शुक्रवारी दुपारी आमच्या कंपनीची साठामोजणी आहे. एकेक फोनचा नंबर यादीशी ताडून बघतात. वैताग नुसता."

दाराजवळ एका कपाटावर पाटी होती: सील फुटलेले, पाचशे कमी. खाली चार डबे. मी सील का फुटलं म्हणून विचारणार होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. काकांची लेक बोलत होती.

"मॅडम, तुम्ही या. मी चिठ्ठी वाचते."

५

त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत काकांची खुर्ची, तिच्यावर घडी घातलेला टॉवेल. तो कुणी उचलला नव्हता. लेकीनं मला पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसली. तिनं माझा फोन हातात घेतला, एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मी रडण्याची वाट बघत होते. ती रडली नाही. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ही सोमवारची नाही," ती म्हणाली.

"कशावरून?"

"ही मागच्या वर्षीची आहे. याच खोलीत बसून लिहिली त्यांनी. एका बाईंनी मोकळा फोन घेतला आणि तो कुलूपवाला निघाला. त्यांनी वरपर्यंत तक्रार केली. कंपनीच्या साहेबाची नोकरी जायची वेळ आली होती. तो इथे आला, इथेच बसून रडला. बाबा म्हणाले, माणसाला लहान मुलं आहेत, मी लिहून देतो की कोठीत माझ्याकडूनच डबे बदलले गेले. बदलले नव्हते हो! बाबांच्या हातून असं होत नाही. पण त्यांनी लिहून दिलं. वर तारीख होती, त्या बाईंच्या पावतीचा नंबर होता."

वरची कड कुणी का कापली ते मला समजलं.

"तो कागद कुठे गेला?"

"साहेबानं नेला. त्याच्या कंपनीला दाखवायला." तिला त्याचा अर्थ हळूहळू उमगला. मी तो उमगताना पाहिला आणि मला नजर खाली घालावी लागली.

"त्यानंतर बाबा नव्या मालातला दर दहात एक फोन उघडून बघायचे," ती म्हणाली. "स्वतःच्या फोनमधलं सिम काढून त्यात घालायचे. त्यांचं सिम दुसऱ्या कंपनीचं ना. चाललं तर मोकळा. मला वैताग यायचा. कधी फोन करावा तर लागत नाही. सोमवारी साडेबाराला लावला, नाही लागला. तेव्हा तर ते..." तिनं खुर्चीवरच्या टॉवेलकडे पाहिलं. "अजून रोज लावते मी. वेड्यासारखी. संपर्कक्षेत्राबाहेर सांगतात."

मी ताडकन उठले. गुडघा टेबलाला लागला तरी कळलं नाही.

काकांच्या फोनमध्ये सिम नव्हतं. फौजदार म्हणाले, मरणाऱ्यानं फेकलं असेल. खिशात नाही, डबीत नाही, कोठीत नाही, फरशीवर नाही. मग ते जिथे तपासणीसाठी घातलं होतं तिथेच राहिलं असणार.

"उद्या सकाळी दहाला माझ्याबरोबर यायचंय," मी तिला म्हटलं. "बाबांचा नंबर लावायचा आहे. शेवटचा."

६

शुक्रवारी शोरूम उघडलं तेव्हा आत तीन गिऱ्हाइकं गेली. मी, काकांची लेक आणि साध्या शर्टातले फौजदार. फौजदार तोंड वाकडं करून आले होते. चहा पाजून मी त्यांना तासभर समजावलं होतं आणि तरी ते म्हणत होते, बाई, नुसत्या फळीवर केस उभी राहत नाही.

"मला फोन घ्यायचाय," मी साहेबाला म्हटलं. "सील फुटलेला चालेल. पाचशे वाचतात."

लेकीला पाहून त्याचं हसू किंचित अडखळलं, पण व्यापारी माणूस, सावरलं. त्यानं चारही डबे काउंटरवर मांडले.

"साहेब, फोन निवडता निवडता एक गोष्ट सांगते," मी पर्समधून चष्मा काढला. "काकांच्या कोठीत कुलूपवाले डबे उभे आणि मोकळे आडवे. हे मालकाला ठाऊक, चिमटीला ठाऊक. तुम्हाला नाही. आता, चोरीला गेलेले चाळीस मोकळे होते म्हणतात. म्हणजे आडवे. पण ज्या खणातून ते गेले, त्याची फळी काकांनी सोमवारीच उचलून वर बसवली. अर्ध्या वितीच्या खणात उभा डबा मावत नाही. उभ्यांचा खण आधीच भरलेला. म्हणजे काकांनी ते चाळीस डबे उभे केले."

"मला यातलं काही—"

"कारण ते मोकळे नव्हतेच. वर मोकळ्याची चिकटपट्टी, आत कुलूपवाला फोन. बारा हजारांचा माल तीस हजारांना. काकांनी दहात एक याप्रमाणे चार उघडले, चारही कुलूपवाले. मालकानं किंवा चिमटीनं हे केलं असतं, तर जाताना ती फळी पुन्हा खाली आणली असती. त्यांना ती फळी वाचता येते. ज्याला वाचता येत नाही तोच तिला तशी सोडून गेला."

साहेबानं रुमाल काढला. "मॅडम, हे सगळं तर्काचं आहे. आणि माणसानं स्वतः चिठ्ठी लिहिलीय."

"लिहिलीय. मागच्या वर्षी, तुमच्यासाठी. दुकानात कागद फायलीत लावतात, तिथे कुणाकडेही खिळा नाही. त्या चिठ्ठीला मधोमध भोक आहे."

फौजदारांनी टेबलावरच्या खिळ्याकडे पाहिलं. त्यांचं वाकडं तोंड सरळ झालं होतं.

"जगात खिळा माझ्या एकट्याकडेच आहे का?" साहेबाचा आवाज चढला.

"नाही. म्हणून तर फोन घ्यायला आले." मी पहिला डबा उघडला. चिकटपट्टीवर चिकटपट्टी होती. नखानं वरची सोलली तर खाली अर्धं अक्षर दिसलं, 'मोकळा'मधलं 'मो'. "हे तुम्हाला नदीत टाकता आले असते. पण आज साठामोजणी. फोन तुमच्याच गोदामातले, गुपचूप काढलेले. मोजणीच्या आत ते खोट्या गिऱ्हाइकांच्या नावावर विकल्याचं दाखवायचं तुम्ही ठरवलं होतं, काकांनी दोन दिवसांत पकडलं. मग चाळीस नंबर यादीशी जुळवायला ते परत आणावेच लागले. छत्तीस सीलबंद गोदामात परत गेले. चार काकांनी फोडलेले, ते इथे लागले. पाचशे कमी करून! फेकून द्यायचं मन झालं नाही तुम्हाला."

मी सिमची पिन घेतली. पहिल्या फोनची खाच उघडली. रिकामी. दुसऱ्याची रिकामी. तिसऱ्याचीही रिकामी निघाली तेव्हा साहेब चक्क हसला. लेक माझ्या खांद्याशी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

चौथ्या फोनच्या खाचेत सिम होतं. दुसऱ्या कंपनीचं.

"कुठल्याही गिऱ्हाइकाचं असेल ते," साहेब म्हणाला. हसू गेलं होतं.

"तुम्ही ही खाच उघडून पाहिली नाहीत. नव्या फोनची कोण उघडतो? फोन चालू करून बघितला असतात तरी, दुसऱ्या कंपनीचं सिम आहे, चालणार नाही, असं त्यानं सांगितलं असतं. म्हणूनच हा नंबर चार दिवस कुणालाच लागला नाही. सिम तुमच्या कुलपात अडकून पडलं होतं." मी माझा फोन काढला, माझं सिम बाहेर, ते आत. "माझा फोन आडवा आहे. तीस हजार मोजलेत. ताई, लाव नंबर."

लेकीनं नंबर लावला. आधी काहीच झालं नाही. पडद्यावर नेटवर्क शोधत असल्याचं वर्तुळ फिरत राहिलं. मग माझ्या हातातला फोन थरथरला, पण तो कॉल नव्हता. संदेश येत होते. सोमवारपासून अडलेले, एकामागून एक.

*बाबा जेवलात का? दीड वाजला.*

*फोन का लागत नाही?*

*बाबा, दुकानातून कोणीतरी फोन करून काहीतरी सांगतंय. तुम्ही आधी मला फोन करा.*

*बाबा.*

मी ते मोठ्यानं वाचले नाहीत. फौजदारांनी माझ्या खांद्यावरून वाचले आणि साहेबाच्या मागे जाऊन उभे राहिले.

साहेब खुर्चीत बसला. नजर त्या खिळ्यावर. "ते ओरडले नाहीत," तो म्हणाला. "जिन्याच्या कठड्याशी मला नेऊन हळूच म्हणाले, संध्याकाळपर्यंत तुम्ही स्वतः मालकाला सांगा, मी काही बोलणार नाही. पोराबाळांचे आहात. मागच्या वेळीही असंच म्हणाले होते. मला वाटलं, हा माणूस आयुष्यभर माझ्या डोक्यावर बसणार. आणि कठडा तिथे... गुडघ्याइतकाच आहे." मग त्यानं तोंड झाकलं. "चिठ्ठी माझ्या पाकिटात होती. वर्षभर होती. जपून ठेवली होती मी. त्याआधी इथे खिळ्याला होती. वरची तारीख मी कोठीतल्याच कात्रीनं..."

मला त्याची दया आली नाही, हे मी स्पष्ट सांगते. ज्या माणसानं एकदा त्याची नोकरी वाचवली, त्याच माणसाचा कागद त्यानं त्याच्याच प्रेताच्या खिशात घातला. काकांचा मात्र मला राग आला. दार उघडं टाकून सरळ ओरडले असते, तर आज घरी खुर्चीवर बसून टॉवेल वापरत असते. हा राग मी अजून कुणापाशी बोलले नाही.

फौजदार साहेबाला घेऊन गेले. शोरूममध्ये आम्ही दोघीच उरलो. मी पर्समधून फॉर्म काढला, काउंटरवर ठेवला आणि नऊ नंबरच्या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण केली. पेन जरा जास्तच दाबलं गेलं, कागद फाटता फाटता राहिला. तो मी तिच्यापुढे सरकवला.

तिनं वाचलं. मान हलवली. मग तिनं स्वतःच्या फोनवर पुन्हा तोच नंबर लावला, आणि या वेळी माझ्या हातातला फोन खरोखर वाजायला लागला.

मी तो बंद करायला गेले.

"नको, मावशी," ती म्हणाली. "वाजू दे थोडा वेळ."